निरंक

माझी मावशी मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. मागच्या दिवाळीत तिच्याकडे गेलो होतो. रविवारी संध्याकाळी ती ओसरीवर चष्मा लावून बसली होती आणि फोनमध्ये काहीतरी भरत होती. भरताना पुटपुटत होती. ताप तीन. पातळ जुलाब निरंक. कावीळ निरंक. अचानक आलेला लुळेपणा निरंक. न कळणारी लक्षणं, निरंक.

सरकारी कागदांशी संबंध न आलेल्यांसाठी सांगतो, ‘निरंक’ म्हणजे काही नाही. पूर्वी कागदी फॉर्म होता तेव्हा त्या रकान्यात हाच शब्द लिहायचे. आता ॲपमध्ये शून्य टाकतात, पण मावशीच्या तोंडी शब्द तोच राहिलाय.

मी हसलो. म्हटलं, “काही झालं तर कळवायचं ना. काहीच झालं नाही हे कशाला कळवत बसतेस?”

तिनं मान वर न करता विचारलं, “मी काहीच नाही कळवलं, तर वरच्यांना काय कळणार? गावात काही झालं नाही, का मीच झोपले?”

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. हा प्रश्न मला पडायला हवा होता, कारण त्याची किंमत मी मोजलेली आहे. आमच्या टीममध्ये एका रात्री मी ऑन-कॉल होतो. फोन शांत, डॅशबोर्ड हिरवा. मी निवांत झोपलो. सकाळी कळलं, की चुका शोधून आम्हाला उठवणारा प्रोग्रॅमच आदल्या संध्याकाळी बंद पडला होता. सिस्टिम रात्रभर चुकत होती आणि ते सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून आम्ही एक साधी गोष्ट केली. तो प्रोग्रॅम दर मिनिटाला ‘मी जिवंत आहे, सगळं ठीक आहे’ असा निरोप पाठवतो. निरोप थांबला की आम्ही उठतो. मावशी हेच काम कित्येक वर्षं करते आहे, आमच्याहून कमी पगारात.

त्या संध्याकाळपासून एक प्रश्न डोक्यात आहे. ज्या कामाचं सर्वांत चांगलं फळ ‘काहीच घडलं नाही’ हे असतं, त्या कामाकडे आपण नैतिकदृष्ट्या कसं पाहायचं? आणि ते काम कुणी केलंच नाही, पण तरीही काही घडलं नाही, तर काही बिघडलं का?

यातला एक धागा आपल्या पुण्यातून जातो. रजनीश 1981 मध्ये पुण्याचा आश्रम सोडून अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात गेले. 2018 साली आलेली ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ ही मालिका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. 1984 च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या द डॅल्स नावाच्या छोट्या शहरात लोकांना अचानक उलट्या-जुलाब सुरू झाले. ऑक्टोबरपर्यंत 751 जण आजारी पडले. शहराची वस्ती होती साधारण दहा हजार. जंतू होता साल्मोनेला. दहा रेस्टॉरंटमधल्या सॅलडमध्ये आणि इतर पदार्थांत तो मुद्दाम मिसळला होता. नोव्हेंबरमध्ये काउंटीची निवडणूक होती. स्थानिक मतदार अंथरुणाला खिळले, तर आपले उमेदवार निवडून येतील, असा आश्रमातल्या काही वरिष्ठ मंडळींचा हिशोब होता. अमेरिकेच्या आधुनिक इतिहासातला हा पहिला मोठा जैविक दहशतवादी हल्ला मानला जातो.

यातली मला खिळवून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. साथ आली हे लवकर कळलं, कारण डॉक्टरांनी रुग्णांची शौच तपासणी केली, प्रयोगशाळेनं जंतू ओळखला आणि काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवलं. रोजचं, कंटाळवाणं काम. पण हा हल्ला आहे हे मात्र वर्षभर कळलं नाही. आधीच्या तपासात बोट दाखवलं गेलं ते रेस्टॉरंटमधल्या कामगारांकडे, त्यांनी नीट हात धुतले नसावेत म्हणून. पुढे 1985 मध्ये आश्रमात फूट पडली, मा आनंद शीला निघून गेल्या, खुद्द रजनीशांनी पत्रकारांसमोर त्यांच्यावर आरोप केले. मग आश्रमाच्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला.

आता गंमत पाहा. हल्ला की अपघात, हे कळायला वर्ष लागलं. रुग्णांना मात्र त्या वर्षभरात त्यानं काही फरक पडणार नव्हता. सलाइन तेच, औषधं तीच, नोंदवही तीच. एकही माणूस मेला नाही. त्यात साल्मोनेलाच्या स्वभावाचा वाटा होता, आणि दवाखाना नावाची गोष्ट आधीपासून जागेवर होती याचाही.

तरीही आपल्या मनात या दोन गोष्टींची किंमत सारखी नसते. घाण पाण्यानं 751 जण आजारी पडले तर ती आतल्या पानावरची बातमी. कुणी मुद्दाम पाडले तर त्यावर मालिका निघते. शत्रू असला की गोष्ट तयार होते आणि गोष्ट असली की तिजोरी उघडते.

2001 मध्ये हेच झालं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले. 22 जणांना लागण झाली, पाच जण दगावले. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारनं राज्यांच्या आरोग्य खात्यांना जैविक हल्ल्याच्या तयारीसाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दिली. देवीचा रोग जगातून गेल्याचं 1980 मध्ये जाहीर झालं होतं. तरी शत्रू तो परत आणेल या भीतीनं सुमारे पाच लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना देवीची लस टोचायची योजना निघाली. प्रत्यक्षात टोचून घेतली चाळीस हजारांहून कमी जणांनी. आणि अँथ्रॅक्सची पत्रं कुणी पाठवली? एफबीआयनं 2010 मध्ये निष्कर्ष काढला, की अमेरिकी लष्कराच्याच जैविक संशोधन संस्थेतल्या एका शास्त्रज्ञानं. तो 2008 मध्येच वारला होता, त्यामुळे खटला चाललाच नाही.

त्याच साथीतली आणखी एक गोष्ट. संसदेतल्या एका कार्यालयात 15 ऑक्टोबरला पत्र उघडलं गेलं. तिथल्या लोकांची लगेच तपासणी झाली, औषधं मिळाली. ते पत्र ज्या टपाल केंद्रातून आलं होतं, ते मात्र 21 तारखेपर्यंत चालू राहिलं. बंद पाकिटातून जंतू बाहेर पडून कामगारांना बाधा होईल, असं तज्ज्ञांना वाटलं नव्हतं. तिथले दोन टपाल कर्मचारी मेले. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण कुणाच्या बाबतीत शंका येताच पावलं उचलायची आणि कुणाच्या बाबतीत खात्री होईपर्यंत थांबायचं, हे ठरत असतं. आणि ते संकटाच्या खूप आधी ठरलेलं असतं.

इथे कुणी म्हणेल, हेतूला महत्त्व आहेच ना? पुरात वाहून जाणं आणि कुणी ढकलून देणं यात फरक आहे. मान्य. गुन्हेगार शोधायचा तर हेतू हवाच. शिवाय शत्रू विचार करतो, आपली कच्ची जागा हुडकतो. पूर हुडकत नाही. मी सुरक्षेवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांकडून हे शिकलो आहे. पण ‘दोष कुणाचा’ आणि ‘जबाबदारी कुणाची’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. चोर आला तर दोष चोराचा. पण ज्या वॉचमनला वर्षभर नेमलाच नाही, त्याचं काय? शत्रू सापडला की आपण दुसरा प्रश्न विचारायचं विसरतो. म्हणून शत्रू प्रशासनाला आणि आपल्यालाही सोयीचा असतो.

हा दुसरा प्रश्न मला नीट दिसला तो मावशीमुळेच. दिवाळीच्या त्या रात्री जेवणं झाल्यावर मी पुन्हा तिच्या निरंकचं कौतुक करू लागलो. ती गप्प झाली. मग म्हणाली, “एवढं नको चढवू मला. मी खोटं निरंक पण लिहिलंय.”

शेजारच्या उपकेंद्रातल्या सिस्टरची बदली झाली होती, जागा भरली नव्हती, दोन्हींचा चार्ज मावशीकडे होता. एका उपकेंद्राखाली साधारण पाच हजार लोकसंख्या धरलेली असते, म्हणजे दहा हजार लोक आणि एक बाई. पावसाळ्यातला आठवडा. लांबच्या एका तांड्यावर ती गेलीच नाही. विहिरीत टीसीएल पावडर पडली का, पाण्याची ओटी टेस्ट झाली का, काही पाहिलं नाही. आशाताईला फोन लागला नाही. रविवारी फॉर्म भरायचा होता. तिनं भरला. जुलाब, निरंक.

“मग?” मी विचारलं.

“मग काही नाही. पुढच्या आठवड्यात गेले, सगळे ठणठणीत. पण मला त्या रविवारी माहीत नव्हतं ना ते.”

तिला ते अजून टोचतं. कुणीही आजारी पडलं नाही, कुणी विचारलं नाही, लिहिलेला आकडा योगायोगानं खरा निघाला. तरीही टोचतं. मला वाटतं तिचं टोचणं बरोबर आहे, आणि का बरोबर आहे हे समजून घेणं गरजेचं आहे.

तत्त्वज्ञानात याला ‘मॉरल लक’ म्हणतात, नैतिक नशीब म्हणू. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये यावर मांडणी केली आणि तेव्हापासून चर्चा चालू आहे. प्रश्न आपल्या भाषेत असा. दोन वायरमन दोन गल्ल्यांत उघडी तार तशीच सोडून घरी जातात. एका गल्लीत मूल हात लावतं. दुसऱ्या गल्लीत त्या दिवशी मुलं खेळायलाच येत नाहीत. पहिला तुरुंगात जातो, दुसरा रात्री जेवून झोपतो. दोघांनी केलेली गोष्ट तंतोतंत एकच. मग दोघांचा दोष वेगळा कसा?

मला या कोड्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. पहिल्या वायरमनच्या हातून काहीतरी भयंकर घडलं आहे, ते नाकारता येत नाही. पण दुसऱ्याबद्दल मात्र माझी खात्री आहे. मूल आलं नाही म्हणून त्याची चूक पुसली जात नाही. ती तार सोडून तो निघाला, त्याच क्षणी ती पूर्ण झाली. त्या गल्लीतल्या प्रत्येक मुलाला त्यानं त्यांना न विचारता जुगारात लावलं होतं. जुगार जिंकला एवढंच.

सार्वजनिक आरोग्याची तयारी न ठेवणं हे असंच आहे, असं मला वाटतं. रिकामी पदं, वीज गेल्यावर बंद पडणारा लसीचा फ्रिज, कधीही न झालेलं मॉक ड्रिल, फायलीत असलेला आणि कुणीही न वाचलेला आपत्ती आराखडा. या गोष्टी संकट आलं तर चूक ठरतील असं नाही. त्या आजच चूक आहेत, संकट आलं नाही तरीही. दहा हजार माणसांवर एक सिस्टर ठेवणाऱ्या व्यवस्थेनं तांड्यावरच्या माणसांना जुगारात लावलं होतं. मावशीनं फक्त तिची सही खाली केली.

अशी निरंकं खोटी का होतात? एक कारण काम करणारी माणसं कमी असणं. दुसरं कारण भीती, आणि ते आपल्याकडे जुनं आहे. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. फेब्रुवारीत इंग्रज सरकारनं साथरोग कायदा केला आणि प्लेग समितीचा प्रमुख रँड यानं सैनिकांकडून घरोघर झडत्या घेतल्या. देवघरं, माजघरं, बायकांच्या खोल्या, सगळीकडे. कागदावर पाहिलं तर ही कडक तयारी होती. परिणाम असा, की लोक रुग्ण लपवू लागले. लपवलेला प्रत्येक रुग्ण म्हणजे एक खोटं निरंक. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात रुग्ण आणत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्याची त्यांची हकिकत प्रसिद्ध आहे. 10 मार्चला त्या प्लेगनंच गेल्या. एका दारावर थाप पडली की लोक आजारी माणूस लपवत होते, आणि दुसरीकडे स्वतःच पाठीवर घेऊन येणारं कुणीतरी होतं. साथीची खरी बातमी यातल्या कुणाला आधी मिळाली असती, हे सांगायला नको. 1897 चा तो कायदा मात्र 2020 मध्ये कोविड आला तेव्हाही आपल्याकडे लागू केला गेला.

म्हणून तयारीच्या नावाखाली येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मी हो म्हणणार नाही. भीती दाखवून काहीही मागता येतं, पैसाही आणि अधिकारही. शिवाय पैसा मर्यादित आहे. न आलेल्या शत्रूसाठी ठेवलेला रुपया हा आज साप चावलेल्या माणसाच्या लसीतून काढलेला असू शकतो. हा आक्षेप खरा आहे, आणि दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला तो तत्त्वज्ञान शिकवून खोडता येत नाही. माझ्यापुरती मी एक कसोटी लावतो. ही तयारी साध्या दिवशी कुणाच्या उपयोगी पडते का? देवीच्या लसीची ती योजना शत्रू आला तरच कामाची होती. उलट अँथ्रॅक्सचा पहिला रुग्ण फ्लोरिडात सापडला, तेव्हा एका डॉक्टरला सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या जंतूंवरून शंका आली आणि राज्याच्या प्रयोगशाळेतल्या प्रशिक्षित माणसांनी ती पक्की केली. लक्ष देणारा डॉक्टर आणि चालू असलेली प्रयोगशाळा रोज लागते. तांड्यावर जाणारी सिस्टरही रोज लागते. हल्ला, भूकंप, पूर, साधे जुलाब, सगळ्यांची पहिली बातमी तिच्याकडेच येणार असते.

भूकंपाची बातमी तर आमच्या भागात दुरून आलेली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. लोक भीतीनं घरं सोडून बाहेर राहत होते, आत साठवलेलं धान्य उंदरांना मोकळं मिळालं, असं एक स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं. सप्टेंबरमध्ये सुरतमध्ये फुप्फुसांचा प्लेग जाहीर झाला. काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. अनेक खाजगी डॉक्टरही निघून गेले. बऱ्याच देशांनी भारताची विमानं थांबवली. मृत्यू पन्नासच्या आसपास होते, पण नेमकं काय चाललंय हे खात्रीनं सांगणारं यंत्र देशाकडे नव्हतं, आणि त्या पोकळीत अफवा भरली. त्या धक्क्यातून आधी राष्ट्रीय पातळीवर साथरोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम आला, मग 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम. मावशीचा तो निरंकचा फॉर्म याच वंशातला. सुरत नंतर झाडून-पुसून काढलं गेलं, तेही प्लेगनंतर.

नेहमी ‘नंतर’. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर राज्यानं आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र यंत्रणा उभारली, निवारे बांधले, गावागावांत माणसं तयार केली. 2013 मध्ये फायलिन आलं. सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं गेलं आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. जे हजारो लोक त्या दिवशी मेले नाहीत, त्यांना आपण मेले नाही हे माहीतच नाही. त्यांचा पुतळा नाही, आभाराचा मेसेज नाही. ते सकाळी उठले आणि मासे पकडायला गेले.

सावधपणाची ही शिक्षाच आहे. आमच्या क्षेत्रात वाय-टू-के बद्दल लोक अजून म्हणतात, काही झालं नाही, उगाच बाऊ केला. ज्यांनी रात्र-रात्र बसून जुन्या कोडमधल्या तारखा दुरुस्त केल्या, त्यांना यावर काय बोलावं कळत नाही. चांगलं काम स्वतःचाच पुरावा पुसून टाकतं.

म्हणून मला वाटतं, अशा कामाचा न्याय निकालावरून करणं सोडून द्यायला हवं. काही घडलं की नाही, हे आपल्या हातात नाही. तांड्यावर कुणी गेलं होतं का, हे आपल्या हातात आहे. आपण नागरिक म्हणून विचारायचा प्रश्नही तोच असायला हवा. साथ आल्यावर ‘कुणामुळे आली’ हे तर विचारूच, पण साथ नसताना, एखाद्या साध्या मंगळवारी, आपल्या गावच्या उपकेंद्रात जागा भरली आहे का, हे विचारणारे किती जण आहेत? मी मावशीचा भाचा असूनही कधी विचारलं नव्हतं.

ती पुढच्या वर्षी निवृत्त होते आहे. तिची जागा लगेच भरेल असं तिला वाटत नाही. चार्ज बहुतेक शेजारच्या सिस्टरकडे जाईल.

मागच्या रविवारी मी तिला फोन केला. म्हटलं, “भरलास का फॉर्म?”

“बसलेच होते भरायला.”

“तांड्यावर गेली होतीस?”

ती हसली. “गेले होते रे बाबा. गुरुवारी. तू आता डीएचओ झालास का?”

“मग? काय लिहिलंस?”

“निरंक,” ती म्हणाली. आणि जरा थांबून, “खरं निरंक.”